'विवर्तन' म्हणजे नक्की काय वळतं?

आमच्या गल्लीतली एक मुलगी सोलापुरातच एम.एस्सी. करते. तिचा प्रश्न असा: "धातूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन सोडून अणूंची मांडणी शोधतात, त्याला मराठीत 'इलेक्ट्रॉन विवर्तन' म्हणतात. इलेक्ट्रॉन परत येतात, मग 'परावर्तन' का नाही? आणि वेदान्तातला 'विवर्त' तो हाच का?"

दोन्हींचा धातू एकच (हा व्याकरणातला!) : वृत्, म्हणजे वळणे. 'परा' लागला की माघारी वळणं. 'अप' लागला की वाट सोडून वळणं, काचेत शिरताना प्रकाश वळतो तसं. आमच्या वेळी त्याला 'वक्रीभवन' म्हणत, मला अजून तेच आवडतं. 'वि' लागला की वेगवेगळीकडे वळणं.

इथे तेच घडतं. इलेक्ट्रॉन भिंतीवरून चेंडू उसळावा तसे एकाच कोनात परतत नाहीत. इलेक्ट्रॉन लाटेसारखेही वागतात, आणि अणू ओळीने बसलेले असल्यामुळे त्यांच्यावरून निघालेल्या या लाटा काही ठरावीक दिशांनाच एकमेकींना जोर देतात, बाकीकडे एकमेकींना पुसतात. पडद्यावर उमटतात ते ठिपके. मंद इलेक्ट्रॉन वरच्या चारदोन थरांपलीकडची खबर आणत नाहीत, म्हणून तर ते पृष्ठभागासाठी कामाचे.

घरी बघायचंय? रात्री सिद्धेश्वर तलावाच्या काठी जा, बारीक विणीचा पातळ रुमाल ताणून डोळ्यांसमोर धर आणि लांबचा एखादा बारीकसा दिवा बघ. (चादर नको, तिच्यातून दिवाच दिसायचा नाही.) दिव्याभोवती ठिपक्यांची फुली दिसेल, रेघा न ओढलेल्या रांगोळीसारखी. ते ठिपके म्हणजे धागे नव्हेत. उलट, ताणाबाणा जितका दाट, तितके ठिपके लांब लांब.

डेव्हिसन आणि जर्मर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञांना हे १९२७ मध्ये निकेलवर सापडलं, तेही एका अपघातामुळे. १९२५ मध्ये त्यांच्या प्रयोगाच्या निर्वात नळीत हवा शिरून निकेलवर ऑक्साइड चढलं. ते घालवायला निकेल खूप तापवलं, तर त्यातले बारीक स्फटिक जाऊन मोठे तयार झाले आणि इलेक्ट्रॉन काही दिशांनाच जास्त येऊ लागले. डेव्हिसनला १९३७ चं नोबेल जी. पी. थॉमसनबरोबर विभागून मिळालं. थॉमसनच्या वडिलांना १९०६ मध्ये मिळालं होतं. वडिलांनी इलेक्ट्रॉन हा कण म्हणून दाखवला, मुलाने लाट म्हणून!

आता 'विवर्त'. दोरी दोरीच राहते, साप भासतो, तो वेदान्तातला विवर्त. घडण तीच, अर्थ निराळा. परिभाषा करणाऱ्यांच्या डोक्यात शंकराचार्य असतील असं मला वाटत नाही. पण ठिपक्यांनाच अणू समजणाऱ्याची गत दोरीला साप म्हणणाऱ्यासारखीच होते. सिलिकॉनच्या एका पृष्ठभागाचे ठिपके १९५९ मध्येच दिसले होते, त्यांवरून अणूंची मांडणी उलगडायला १९८५ उजाडलं.

आणि हो, प्रकल्पात तू 'पृष्ठभागाची अणुरचना' लिहिलंयस, ते बदल. अणुरचना म्हटलं की वाचणारा अणूच्या पोटात शिरतो. 'पृष्ठभागावरील अणूंची मांडणी' लिही.