पाखरांची बोली : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी ऐरोलीत चौथ्या मजल्यावर राहते. वय ६७. नजर आता पूर्वीसारखी नाही, दुर्बीण धरली की हात थरथरतो. पहाटे खिडकीत बसले की बरेच आवाज येतात, पण कोणता कोणाचा ते कळत नाही. नातू मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये नाव दाखवतो, दुसऱ्या दिवशी ते मी विसरलेली असते. या वयात हे शिकता येईल का?

उत्तर : येईल, ताई. मी तर पन्नाशीनंतर सुरुवात केली. त्याआधी बरीच वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायचं काम केलं. कानाला हेडफोन, समोर बोर्ड. रोज फोन करणारे व्यापारी, डॉक्टर यांचा नंबर सांगून व्हायच्या आधीच कोण बोलतंय ते कळायचं. कुणी घाईत असायचं, कुणी शब्दाआधी घसा साफ करायचं. त्यांची यादी मी कधी पाठ केली नव्हती. रोज ऐकून ऐकून ओळख झाली होती. पाखरांचंही तसंच होतं.

म्हणून माझं सांगणं एकच आहे : या वर्षी एकच पक्षी धरा. दयाळ धरा. काळा-पांढरा, मैनेपेक्षा लहान, शेपटी उभी. तुमच्या सोसायटीत दोन-चार झाडं असतील तर तो बहुतेक असेलच. आमच्या नौपाड्यात समोरच्या इमारतीच्या डिश अँटेनावर तो फेब्रुवारीत बसायला लागतो. अजून उजाडलेलं नसतं, स्टेशनवरची अनाउन्समेंट स्पष्ट ऐकू येते, त्या वेळी. चार-पाच सुरांची एक शीळ घालतो, थांबतो, मग तीच जरा वळवून पुन्हा म्हणतो. मधेच दुसऱ्या पाखरांच्या आवाजाचे तुकडे आपल्या गाण्यात घालतो. सुरुवातीला यानेच माझी फसगत व्हायची. तीन पक्षी गाताहेत असं वाटायचं आणि अँटेनावर हा एकटाच.

त्याला ऐकत राहा, अगदी गाणं संपल्यानंतरही. पावसाळा सरला की हा गवई गप्प होतो. थंडीत झुडपाखालून नुसतं 'चर्रर' करतो, नाहीतर एक बारीक, केविलवाणी शीळ. तोच पक्षी आहे हे मला कळायला दोन हिवाळे लागले. पण कळलं त्या दिवशी जो आनंद झाला, तो नवीन दहा नावं कळल्याने झाला नसता.

दयाळ पक्का झाला की बाकीचे आपोआप वेगळे निघायला लागतात, कारण आता 'हा दयाळ नाही' एवढं तरी खात्रीने म्हणता येतं. दुपारी ऊन तापल्यावर तांब्याचं भांडं ठोकल्यासारखं एका लयीत 'टुक् टुक् टुक्' येतं, तो तांबट. गंमत म्हणजे हा चोच मिटून ओरडतो. मी एकदा घंटाळीजवळच्या उंबरावर त्याला अगदी जवळून पाहिला : प्रत्येक ठोक्याला गळ्याची कातडी फुगत होती, बसत होती आणि तो मान इकडून तिकडे फिरवत होता. आवाज कधी जवळून, कधी लांबून येतो असं का वाटतं, ते तेव्हा उमगलं. कुंडीतल्या झाडात 'टुविट टुविट टुविट' असा त्याच्या आकाराला न शोभणारा खणखणीत आवाज आला तर शिंपी. रात्री मोकळ्या प्लॉटवरून कुणी घाबऱ्याघुबऱ्या 'टिटिव् टिटिव्' करत उडत गेलं तर टिटवी.

अ‍ॅप वाईट नाही, पण क्रम उलटा करा. आधी ऐका, मनात नाव ठरवा, मगच नातवाला मोबाईल काढायला सांगा. आणि पाखराला जवळ बोलावण्यासाठी मोबाईलवर त्याचा आवाज वाजवू नका, एवढं नातवाकडून कबूल करून घ्या. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं वाटून ते पाखरू खाणं-पिणं, घरटं टाकून भांडायला धावत येतं. आपल्या दोन मिनिटांच्या हौसेपायी त्याचा जीव असा टांगणीला लागावा, हे मला सहन होत नाही.

प्रश्न : कोपरीत आमच्या खिडकीलगतच्या झाडावर कोकिळा रात्री अडीच-तीनला ओरडायला लागते. घरात तान्हं बाळ आहे. सोसायटीत फांदी छाटायची चर्चा चालू आहे. दुसरा उपाय आहे का?

उत्तर : बाळाची झोप मोडते म्हणजे त्रास खराच आहे. ओरडणारा नर आहे, काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, ठिपकेदार, ती नुसती 'किक् किक्' करते. कोकीळ स्वतः घरटं बांधत नाहीत, अंडी कावळ्याच्या घरट्यात घालतात. कावळ्यांचा घरटी बांधायचा आणि कोकिळांचा ओरडायचा हंगाम म्हणून एकच. पाऊस स्थिरावला की हे आपोआप कमी होईल. तोवर रात्री त्या बाजूची खिडकी लावून घ्या, बाळाला आतल्या खोलीत निजवा. फांदी छाटायची तर १९७५ च्या झाडांविषयीच्या कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आणि त्या फांदीवर कावळ्याचं घरटं असेल, तर कृपा करून या दोन-तीन महिन्यांत तिला हात लावू नका.

प्रश्न : वय ७२, राहणार वसंत विहार. वीस वर्षं दर रविवारी येऊरच्या जंगलात जातो. हल्ली सोबतचा मित्र 'तो बघ फुलटोच्या बोलला' म्हणतो आणि मला त्या इवल्याशा पाखराचं काहीच ऐकू येत नाही. भारद्वाजाचं 'हूप हूप' मात्र लख्ख ऐकू येतं. मित्राला भास होतो की माझं काही चुकतंय?

उत्तर : दादा, भास नाही. कानाच्या आत शंखासारखा वळलेला भाग असतो, त्यात ध्वनी टिपणाऱ्या केसासारख्या सूक्ष्म पेशी असतात. उंच पट्टीचे सूर टिपणाऱ्या पेशी दाराशीच असतात आणि वयाप्रमाणे त्या आधी झिजतात. म्हणून फुलटोच्याचं 'चिक् चिक्' गेलं, भारद्वाजाचा खर्ज राहिला. माणसाच्या या पेशी गेल्या की परत येत नाहीत. पाखरांच्या मात्र पुन्हा उगवतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ नुसती बसून राहिले होते.

ऑडिओमेट्री करून घ्या. अर्ध्या तासाची तपासणी आहे, दुखत नाही. कोणत्या पट्टीत किती उणं आहे ते आलेखावर दिसतं. श्रवणयंत्र घ्यायचं ठरलं तर तिथे स्पष्ट सांगा की तुम्हाला पाखरं ऐकायची आहेत, कारण यंत्र मुख्यतः बोलण्यासाठी जुळवतात.

माझं यंत्र दोन वर्षांपूर्वी बसवलं. पहिला आठवडा भांड्यांचा, नळाचा, वर्तमानपत्राच्या पानांचा आवाज नकोसा झाला होता. काढून ठेवू नका, कानाला सवय व्हायला वेळ लागतो. तिसऱ्या आठवड्यात सकाळी आठच्या सुमाराला घरातल्या जास्वंदीपाशी उभे राहा. फुलांतला मध पिणारा इवलासा शिंजीर येतो तेव्हा.