कोराउर ते ग्लेन नेव्हिस: नदीकाठ की डोंगरउतार?

तुम्हाला सप्टेंबरात स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये (डोंगराळ भागात) कोराउर स्टेशनवर उतरून ग्लेन नेव्हिस या दरीपर्यंत चालायचंय. मेनाखच्या बॉथीपुढे (बॉथी म्हणजे डोंगरातली साधी निवाऱ्याची झोपडी) वाट दलदलीत विरते, तिथे आव्हिन राह नदीचा काठ धरावा की वर चढून ट्रॅव्हर्स मारावा, म्हणजे उतारावरून आडवं चालावं, हा प्रश्न. माझं मत आधी सांगतो: काठ धरा, पण अगदी काठ.

"वर गेलं की कोरडं" हा सह्याद्रीतला हिशेब. तिथे पाणी कातळावरून धावत खाली जातं. हायलँड्समध्ये कातळावर पीट बसलंय, म्हणजे हजारो वर्षं धड न कुजलेलं शेवाळ आणि गवत. ते पाणी सोडत नाही. सपाट खिंड असो की रुंद सोंड, उंचीवरही दलदल असतेच. म्हणून उंची नाही, चढ किती तीव्र आहे ते बघा. नकाशावर कंटूर (समान उंचीच्या रेषा) दाट तिथे निचरा, विरळ तिथे पाय घोट्यापर्यंत आत.

सगळ्यात वाईट पट्टा म्हणजे डोंगराचा उतार संपून सपाटी सुरू होते तो. वरून झिरपलेलं पाणी तिथे बाहेर येतं आणि पुढे जायला उतारच नसतो. उलट नदी पुरात आपल्या काठालगतच जाड वाळू आणि गोटे टाकते, बारीक गाळ मागे नेते. त्यामुळे काठाची अरुंद कड मागच्या सपाटीपेक्षा जरा उंच, टणक आणि हरणांनी आखूड चरलेली असते. लोक नदीला बिचकून वीस-तीस मीटर मागे सरकतात आणि नेमके त्या पट्ट्यात सापडतात. मग दोष नदीकाठाला!

काठाची किंमतही आहे. नदीच्या वळणांमुळे चालणं वाढतं, कड कुठे कुठे खालून पोखरलेली असते, आणि बाजूचे ओढे मुखापाशी खोल कापलेले असतात. ओढा अडला की थोडं वर जा, तिथे तो अरुंद मिळतो.

वर चढायला लोक उगाच घाबरतात. नेस्मिथ या गिर्यारोहकाच्या 1892 च्या नियमाने 600 मीटर चढाला एक तास, म्हणजे 60 मीटरला सहा मिनिटं. खरा त्रास पुढचा: तासभर एक पाय वर, एक खाली. त्यात मोलिनिया गवताचे डळमळते पुंजके. ब्रेकन नेचा दिसला तर जमीन निचऱ्याची समजा, पण त्यात गोचिड्याही असतात, संध्याकाळी अंग तपासा. हेदरचं झुडूप बऱ्यापैकी भरवशाचं. पांढरे कापशी तुरे, रश गवताचे झुबके आणि चकचकीत हिरवं किंवा लालसर शेवाळ दिसलं तर वळसा घ्या. हिरवंगार शेवाळ फोटोत छान दिसतं, तेवढंच.

आता तुमची वाट. लुबेल्टचे पडके अवशेष आव्हिन राह नदीच्या दक्षिण काठावर, मेनाख समोर उत्तरेला. ग्लेन नेव्हिसला उत्तर काठानेच जायचं, त्यामुळे तुम्ही दक्षिणेकडून, स्टोनेग बॉथीवरून आलात तर ओलांडणं आलंच. पाऊस पडून गेला असेल तर हे ओलांडणं धोकादायक होतं. पाणी गुडघ्याच्या वर आणि गढूळ असेल तर काठ की डोंगर ही चर्चाच बाद. तिथूनच दक्षिणेचा गाडीरस्ता धरून, आयल्ड तलावांच्या बाजूने किनलॉखलेव्हनला उतरा. दिवसाचा बेत बदलेल, पण वाट सोपी आहे.

पाणी कमी असेल तर मेनाखपुढे काठाची कड धरा. टॉम अन एट्या या टेकाडाजवळ आव्हिन राह आणि वॉटर ऑफ नेव्हिस या दोन नद्यांचा पाणलोट वेगळा होतो, तिथली जमीन जवळजवळ सपाट आहे. तिथे मात्र काठाचा फायदा संपतो, कारण नदीच इवलीशी राहते. तेवढ्यापुरतं उजवीकडच्या उतारावर कंटूर दाटतात तिथवर चढा, आणि वॉटर ऑफ नेव्हिस नीट वाहू लागली की परत खाली या. पूर्ण दरी वरूनच पार करायचा हट्ट नको. स्टाल धबधब्याच्या अलीकडे वाट आपोआप पक्की होत जाते.

वाट सोडून चालायला 2003 च्या भूसुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये मुभा आहे. फक्त सप्टेंबर हा हरणांच्या शिकारीचा मोसम, म्हणून उतारावर जाणार असाल तर आदल्या दिवशी ती जमीन ज्या इस्टेटीची (खाजगी जहागिरीची) आहे तिच्याकडे चौकशी करा. बूट जलरोधक असोत वा नसोत, भिजणारच. पातळ लोकरी मोज्यांचे दोन जोड घ्या, आणि एक जोड झोपायच्या पिशवीतच ठेवा.