कूलंट कमी होतंय पण खाली थेंब नाही, म्हणून लगेच रेडिएटर बदलू नका

ऐरोलीवाले दादा, थांबा जरा. तेरा वर्षांची पेट्रोल गाडी, तीन आठवड्यांत अर्धा लिटर कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) गायब, पार्किंगमध्ये डाग नाही आणि मेकॅनिक म्हणतो रेडिएटर गेलाय. कुठून गळतंय ते त्याने दाखवलं का? नसेल तर तो नुसता अंदाज आहे आणि त्याच्या अंदाजाचे पैसे तुम्ही भरणार. मी भरलेत. घोडबंदरला राहतो, माझ्या जुन्या गाडीचं सेम हेच, नवा रेडिएटर बसवला आणि पंधरा दिवसांत कूलंटची बाटली परत मिनच्या खुणेखाली. शेवटी निघालं काय, तर इंजिनाच्या मागे हीटरकडे जाणाऱ्या होजच्या (रबरी नळीच्या) प्लास्टिक जॉइंटला केसाएवढी चीर. गायमुखचा घाट रखडत रखडत चढला की प्रेशर वाढून तेवढंच झिरपायचं, गरम इंजिनावर पडून वाफ व्हायची, खाली येणार काय? आपल्याकडे हीटर कोण लावतो, म्हणून तिकडे कोणी बघतच नाही, पण बऱ्याच गाड्यांत कूलंट त्या पाइपातून फिरतंच असतं.

तर सकाळी गाडी एकदम गार असताना बॉनेट उघडा आणि टॉर्च घेऊन ओलावा नाही, वाळलेले डाग शोधा. कूलंट सुकलं की पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खरखरीत थर राहतो. होजची टोकं, क्लिपा, थर्मोस्टॅटचं हाउसिंग, रेडिएटरची प्लास्टिक टाकी जिथे ॲल्युमिनियमला जोडलीय ती कड, आणि वॉटर पंप. पंपाला खाली एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की तिथून पाझरतं, तिथे डाग ओघळलेला असेल तर पंप बदलायला झालाय.

खाली पुठ्ठा टाकून ठेवा पण एसीच्या पाण्याला फसू नका, आपल्या दमट हवेत ते भरपूर पडतं. ते साधं पाणी. कूलंट बोटाला बुळबुळीत लागतं, रंग असतो, गोडसर वास येतो. चाखून बघू नका, विषारी असतं, आणि सांडलं तर धुवून टाका, सोसायटीतली मांजरं चाटतात.

हो, आणि रेडिएटरची कॅप! सगळ्यात स्वस्त वस्तू आणि सगळ्यात शेवटी आठवते. तिच्यावर ०.९ किंवा १.१ (बार) असा आकडा असतो, तेवढं प्रेशर तिने धरायचं. स्प्रिंग ढिली पडली किंवा रबर कडक झालं की कूलंट बाटलीत ढकललं जातं, तिथून बाहेर. बाटली भरलेली पण रेडिएटर रिकामा असेल तरी आधी कॅप आणि बाटलीकडे जाणारी बारीक नळी बघा. (गार असतानाच उघडा हो, गरम कॅप उघडून हात भाजलेले दोघे मी स्वतः पाहिलेत.)

एवढं करून नाही सापडलं तर ज्याच्याकडे प्रेशर टेस्टर आहे त्याच्याकडे जा. गार इंजिनावर कॅपच्या जागी पंप लावून कॅपवरच्या आकड्याएवढं प्रेशर भरायचं आणि वीसेक मिनिटं सोडून द्यायचं. माझी चीर अशीच दहा मिनिटांत दिसली. काटा उतरतोय पण बाहेर कुठेच ओलं नाही, मग डॅशबोर्डखालचं कार्पेट दाबून बघा, चिकट लागलं आणि काचेवर तेलकट धुकं धरत असेल तर हीटर कोअर, म्हणजे डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर, गळतोय. तेही कोरडं असेल तर मात्र हेड गॅस्केटचा (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलचा) संशय घ्यायचा. गार इंजिन चालू केल्यावर रेडिएटरमध्ये बुडबुडे थांबतच नाहीत, वरचा होज मिनिटभरात कडक होतो, डिपस्टिकवर ऑइल ताकासारखं दिसतं, अशी लक्षणं. नुसत्या ऑइलच्या झाकणाखाली थोडी साय दिसली तर घाबरू नका, पावसाळ्यात जवळजवळच्या फेऱ्या मारल्या की तशी धरते.

लीक बंद करणाऱ्या केमिकलची ती बाटली कोणी रेडिएटरमध्ये ओतायला सांगेल, ओतू नका, हीटर कोअर आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या त्यानेच चोंदतात. आणि वरून टाकताना बोअरचं पाणी नको, डिस्टिल्डच.

तुमच्या कॅपवर आकडा काय आहे आणि रबर कसं दिसतंय ते उद्या सकाळी बघून सांगा, मग पुढचं बोलू.