अंगणवाडी मदतनीस ताईंना काम सांभाळून पुढे कसे शिकता येईल?

आपल्या गावातील अंगणवाडीच्या मदतनीस ताई दहावी उत्तीर्ण असून, काम न सोडता शिकून त्यांना सेविका होता येईल का, असे आपण विचारले आहे. होता येईल. यवतमाळ जिल्ह्यात मुख्यसेविका (अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका) म्हणून काम करताना मी काही ताईंना या वाटेवर सोबत केली आहे.

आधी बारावी करावी. केंद्र सरकारच्या सक्षम अंगणवाडी व पोषण 2.0 या योजनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेविकांची निम्मी पदे पाच वर्षे काम केलेल्या मदतनिसांमधून भरायची आहेत. मात्र सेविकेसाठीची बारावीची अट त्यांनाही लागू असल्याने नुसत्या अनुभवावर विसंबू नये. सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावीला खाजगीरीत्या बसता येते. शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार कार्ड यांवरील नाव जुळते का, हे आधीच पाहावे, कारण माहेर-सासरच्या नावांच्या घोळात आमच्या एका ताईंचे अख्खे वर्ष गेले.

त्यानंतर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन व शिक्षणाची पदविका किमान एका वर्षात होते. पुस्तके हिंदीत मिळतात, विभागीय केंद्र नागपूरला आहे. त्यात प्रत्यक्ष मुलांसोबत करायचे प्रकल्पकार्य असते आणि तिथे मदतनीस ताईंचा हात कोणी धरू शकत नाही. एका ताईंनी चार वर्षांच्या मुलीला चिंचोके निवडताना पाहिले: मोठे एकीकडे, लहान दुसरीकडे, आणि मधल्या आकाराचा एक हातात धरून ती बराच वेळ थांबली, मग त्याच्यासाठी तिने तिसरी जागा केली. खिचडी वाढून झाल्यावर ताईंनी हे जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले होते. ते वाचून मला फार समाधान वाटले.

खरी अडचण वेळेची आहे. दिवाळीपासून रोज अंगणवाडी सुटली की बाया कापूस वेचणीला जातात, आणि बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. म्हणून निम्मा अभ्यास पावसाळ्यातच उरकावा लागतो. आम्ही मासिक बैठकीच्या दिवशी, बैठक संपल्यावर, तीन-चार ताईंना दोन तास एकत्र बसवत असू. फीसाठी बचत गटातून कर्ज घेता येते.

आपण त्यांच्यासाठी काही करू इच्छित असाल, तर घरातील बारावीची जुनी पुस्तके त्यांना द्या आणि फॉर्म भरायच्या दिवशी त्यांच्यासोबत तालुक्याला जा.