गुन्ह्याला शिक्षा किती हे लोकांच्या मतावर ठरवावं का? (पुण्याच्या पोर्श केसवरून)

तुमचे दोन प्रश्न आहेत. शिक्षा किती असावी हे लोकांना विचारून का ठरवत नाहीत, आणि पोर्श केसमधल्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालायला हवा होता का. मी वकील आहे, मोटार अपघात क्लेमची कामं करतो, त्यामुळे गाडीखाली माणूस गेल्यावर घरचे काय मागतात हे सतत ऐकतो, त्यावरून लिहितोय.

2024 चा जानेवारी आठवतोय का? ट्रकवाल्यांचा संप झाला होता, पंपांवर गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. कारण होतं जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या नव्या न्याय संहितेतलं कलम 106(2), अपघातात माणूस मेला आणि ड्रायव्हर पोलिसांना न कळवता पळाला तर 10 वर्षांपर्यंत कैद. तेव्हा मी ज्याच्याशी बोलायचो तो ड्रायव्हरच्या बाजूने, की थांबला तर जमाव जीव घेईल, बिचारा पळणारच. सरकारनेही ते कलम बाजूला ठेवलं, 1 जुलैला संहिता लागू झाली पण हे पोटकलम नाही. आणि मधेच 19 मेच्या पहाटे कल्याणीनगरला विनानोंदणीच्या पोर्शने बाईकवरच्या दोन तरुण इंजिनियरांना उडवलं, चालवणारा सतरा वर्षांचा, आणि तेच लोक म्हणायला लागले फाशी द्या. मला यात ढोंग अजिबात वाटत नाही. दोन्ही वेळेला लोकांचं म्हणणं एकच होतं, की कायदा गरिबाला धरतो आणि पैसेवाल्याला सोडतो. पण तुम्ही सर्व्हे काढून "किती वर्षं द्यायची" एवढंच विचारलंत तर जानेवारीत एक आकडा आला असता आणि मेमध्ये दुसरा, आणि खरी तक्रार दोन्हीत दिसलीच नसती.

त्या मुलाला लिहायला सांगितलेल्या 300 शब्दांच्या निबंधाचंही सांगतो कारण अजून लोक म्हणतात "दोन जीव गेले आणि शिक्षा काय तर निबंध". ती शिक्षा नव्हती, बाल न्याय मंडळाने जामीन देताना घातलेली अट होती, खटला पुढे चालणारच होता. तरी राग चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, रविवारी काही तासांत जामीन होतो हे बघून माझ्यासारख्यालाही संताप आला, कारण साधा टेम्पोवाला अडकला की जामीनदार शोधण्यातच त्याच्या घरच्यांचे किती दिवस जातात ते आम्ही बघतो. पुढे बोंब झाल्यावर तीन दिवसांत मंडळाने आदेश बदलून त्याला निरीक्षणगृहात पाठवलं आणि जूनमध्ये हायकोर्टाने ते बेकायदा ठरवून त्याला सोडायला लावलं. म्हणजे लोकांच्या दबावाखाली घाईने केलेली गोष्ट कोर्टात टिकली नाही, आणि फायदा झाला तर आरोपीचाच.

लोकांना विचारत नाहीत असंही नाही हो. डिसेंबर 2012 च्या दिल्लीच्या सामूहिक बलात्कारानंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने सूचना मागवल्या होत्या, जवळपास 80 हजार आल्या, आणि समितीने 29 दिवसांत अहवाल दिला. रस्त्यावर मागणी फाशीची आणि अल्पवयीनाचं वय कमी करण्याची, पण समितीने दोन्हीची शिफारस केली नाही, तिचा भर पोलिसांनी तक्रार घ्यावी, तपास नीट व्हावा यावर जास्त होता. पण तो भाग सरकारांना खर्चिक आणि कटकटीचा, शिक्षा वाढवणं मात्र एका दुरुस्तीत होतं. म्हणून 2013 ला फाशीही आली, आणि त्या केसमधला अल्पवयीन डिसेंबर 2015 ला सुटला तेव्हा संसदेत घाईने नवा बाल न्याय कायदाही पास झाला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच कायद्यात आहे. 16 ते 18 वयाच्या मुलाला प्रौढ धरता येतं पण ज्या गुन्ह्याला कमीत कमी 7 वर्षं शिक्षा लिहिलेली आहे त्यातच, सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये हे स्पष्ट केलंय. पोर्श केसमधला गुन्हा सदोष मनुष्यवधाचा, त्याला तेव्हाच्या जुन्या दंड संहितेत जास्तीत जास्त जन्मठेप होती पण किमान शिक्षा लिहिलेलीच नव्हती. जुलै 2025 मध्ये मंडळाने मुलाला प्रौढ धरण्याची पुणे पोलिसांची मागणी फेटाळली. रागाच्या भरात केलेला कायदा, आणि पुढच्या रागाच्या वेळेला तो कामाला आला नाही.

माझ्याकडे येणारे आईबाप पहिल्यांदा विचारतात, "साहेब, त्याला किती वर्षं होतील?" निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर लागणाऱ्या जुन्या कलम 304 अ मध्ये दोनच वर्षं होती, नव्यात पाच केलीत. दोन ऐकून लोक हादरायचे. पण पुढे काही वर्षांनी त्यांचा संताप शिक्षेच्या आकड्यावर राहतच नाही, साक्षीदार फितूर झाला, पंच येत नाही, तपास अधिकारी बदलून गेला, तारीख पडली, यावर असतो. आणि क्लेममध्ये तर भरपाई काढताना, गेलेला अविवाहित मुलगा असेल तर त्याचा निम्मा पगार त्याच्या स्वतःच्या खर्चाचा म्हणून वजा करून उरलेला वयाप्रमाणे 18 ने वगैरे गुणतात, हे त्या आईसमोर बोलताना जीभ जड होते. दोन वर्षं का होईना पण वर्षभरात निकाल लागून झाली असती तरी यातले बरेच जण समाधानाने घरी गेले असते असं मला मनापासून वाटतं.

म्हणून मुलाला प्रौढ धरण्यापेक्षा माझं लक्ष त्या रक्ताच्या नमुन्यांच्या केसवर आहे. मुलाचे नमुने बदलले असा पोलिसांचा आरोप आहे, त्यात आईवडील आणि सरकारी डॉक्टर अटक झाले, आणि ही सगळी मोठी, शिकलेली, शुद्धीत असलेली माणसं. आरोप सिद्ध झाले तर या प्रकरणात सगळ्यात कडक शिक्षा तिथे व्हावी, कारण दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याविरुद्ध आमच्याकडे एकच भक्कम पुरावा असतो, तो रक्ताचा रिपोर्ट, आणि तोच विकत मिळत असेल तर कलमात दोन वर्षं लिहा नाहीतर वीस, ती लागणार कुणाला?