लहान विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं तर ते दगडासारखं खाली येतं का?

नाही. घसरगुंडीवरून आल्यासारखं येतं. ‘प्रत्यक्ष अनुभव असेल तर सांगा’ असं तुम्ही म्हटलंय, म्हणून लिहिते.

मी इंदूरची, विमान चालवायलाही तिथेच शिकले. ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता, पाऊस नुकताच ओसरलेला, सकाळची दमट हवा. सेस्ना १७२, शेजारी सर. त्या दिवशीचा धडा नेमका ‘इंजिन गेलं तर’ हाच. सरावात इंजिन खरोखर बंद करत नाहीत. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा, पूर्ण मागे ओढायचा, इंजिन नुसतं गुरगुरत राहतं, विमान उतरू लागतं. मग शेत निवडायचं आणि जमिनीच्या फार जवळ जायच्या आत थ्रॉटल पुढे ढकलून वर निघायचं. मी ढकलला. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प. पंखा फिरत होता, पण वाऱ्याने.

कारण: हवा आणि पेट्रोल जिथे मिसळतं त्या कार्बोरेटरमध्ये बर्फ. इंदुरात ऑक्टोबरमध्ये बर्फ म्हटल्यावर बाबा हसलेच होते. पण कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना हवेचा दाब उतरतो, त्यात पेट्रोलची वाफ होते, आणि दोन्ही मिळून हवा वीस-वीस अंशांनी किंवा त्याहून जास्त थंड होऊ शकते. बाहेर घाम येत असला तरी आत ओलावा गोठतो आणि हवेची वाट बुजते. थ्रॉटल मिटलेला असेल तर आणखी लवकर. त्यावर ‘कार्ब हीट’ नावाची एक खुंटी असते. ती ओढली की एक्झॉस्टभोवतीची गरम हवा आत येते. ती थ्रॉटल कमी करण्याआधी ओढायची. मी विसरले, नंतर ओढली. तोवर एक्झॉस्टच निवत आलेला.

‘आय हॅव कंट्रोल,’ सर म्हणाले आणि त्यांनी वेग ६५ नॉटवर, म्हणजे ताशी १२० किलोमीटरवर धरला. वेळ मिळावा म्हणून नाक वर ओढायचा मोह होतो. ओढलं की वेग मरतो, आणि मग मात्र तुमचा दगड खरा ठरू शकतो. उंचीमापक ३,००० फूट दाखवत होता. पण तो आकडा समुद्रसपाटीपासूनचा, आणि इंदूरचा विमानतळच साधारण १,८५० फुटांवर. उरले अकराशे. हे विमान एक फूट उतरताना साधारण नऊ फूट पुढे जातं. म्हणजे तीन किलोमीटर आणि दीड मिनिट.

मला जवळचं काळंभोर, सपाट शेत आवडलं. ‘नांगरलेलं आहे ते, उलटू,’ सर म्हणाले आणि सोयाबीन कापून झालेल्या पिवळट शेताकडे वळले. आधी खांब शोध, असंही म्हणाले. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. मी इंधनाची कळ पाहिली, मिक्श्चर (पेट्रोल-हवेचं प्रमाण), मॅग्नेटो (ठिणगी देणारे) पाहिले, रेडिओवर ‘मेडे’ हा संकटाचा संदेश दिला, दार किलकिलं करून ठेवलं, कारण सांगाडा वाकला तर ते अडकतं. आधी फ्लॅप, म्हणजे सावकाश उतरता यावं म्हणून पंखांमागे खाली येणाऱ्या झडपा, उघडायच्या, मग विजेचा मास्टर स्विच बंद. उलट केलं तर फ्लॅप हलत नाहीत, ते विजेवर चालतात.

सरींच्या दिशेने टेकलो. मागची चाकं छान धावली. पुढचं चाक सरांनी जमेल तितका वेळ अधांतरी धरलं, पण टेकताच ते माळव्याच्या ओल्या काळ्या मातीत रुतलं. पट्टे छातीत बसले, काचेवर चिखल. चाकाचा दांडा वाकला, पंख्याची टोकं मुडपली. आम्हाला खरचटलंही नाही.

मेकॅनिक पोचेपर्यंत बर्फाचं पाणी होऊन वाळूनही गेलं होतं. कार्बोरेटर उघडला तर आत एकदम स्वच्छ. चौकशीत मी खुंटीचं सांगितलं. सरांनी ‘मीही पाहायला हवं होतं’ असं लिहून दिलं.

ज्यांच्या शेतात उतरलो त्या काकांनी पाणी दिलं, तक्रार काहीच नाही. भांडण शेजारच्या शेतकऱ्याशी झालं. त्याचं सोयाबीन अजून उभं होतं आणि विमान बघायला धावलेल्या गावकऱ्यांनी त्याच्या चार ओळी तुडवल्या होत्या. चूक आमची कशी, असं मी म्हणणार होते. सरांनी गुपचूप पाकीट काढलं.