पेटीची दुसरी किल्ली

प्रिय बेटा,

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, पण मला टाइप करायला वेळ लागतो आणि हा विषय काही दोन ओळींत सांगण्यासारखा नाही, म्हणून आज दुपारी निवांत बसून लिहितेय. तरुण संघाचं काम तू अंगावर घेतलंस याचा किती आनंद झालाय ते आधी सांगते. आपली मंडळी ती केवढीशी, रविवारी ४० माणसं आली तरी आपण म्हणतो आज चर्च भरलं, त्यात नोकरी सांभाळून कुणीतरी स्वतःहून पुढे येतं ही देवाची कृपाच.

तू लिहिलंयस की यंदा नाताळच्या आधी मोठा प्रोग्राम करू, एमवाय हॉस्पिटलच्या बाहेर १०० ब्लँकेटं वाटू, बॅनर लावू, फोटो व्हिडिओ टाकू, म्हणजे इंदूरला कळेल की इथे लुथरन मंडळी पण आहे. मनापासून लिहिलंयस ते कळतं. ब्लँकेटं जरूर वाटू. खेड्यापाड्यातनं आलेले पेशंटचे नातेवाईक डिसेंबरच्या थंडीत हॉस्पिटलबाहेर कसे झोपतात ते मी पण बघितलंय. आणि लोकांना आपण माहीत नाही हेही खरं, कारण इंदूरमध्ये मिशनचं जुनं काम कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन लोकांचं, ख्रिश्चन कॉलेज १८८७ सालचं त्यांचंच, आणि आपली मध्य प्रदेशातली लुथरन चर्च स्वीडनच्या मिशनऱ्यांच्या कामातनं उभी राहिली, तिचं मुख्य ऑफिस तिकडे छिंदवाड्याला. म्हणजे या शहरात आपण मूठभर. पण बॅनर आणि फोटो या दोन गोष्टींवर मला बोलायचंय, आणि त्याहून जास्त यावर की आपलं सगळं देणं त्या एका डिसेंबरात का अडकून पडतं.

एक गोष्ट सांगते, जी मी फार कमी लोकांना सांगितलीय. मी खजिनदार झाले ते पहिलंच वर्ष. आपल्यातल्या एका बाईंच्या नवऱ्याचं काम सुटलं होतं, तर मंडळीने त्यांच्या मुलाची शाळेची फी भरली. मला वाटायचं की लोकांचा पैसा आहे, हिशोब कसा अगदी स्वच्छ पाहिजे, म्हणून रविवारी सूचनांच्या वेळी मी उभी राहिले आणि त्यांचं नाव घेऊन, रकमेसकट, वाचून दाखवलं. त्या तिसऱ्या बाकावर बसल्या होत्या. गीतांचं पुस्तक मिटलेलं होतं पण बोट आतच होतं, पुढच्या गीताच्या पानावर, आणि त्या बोटाकडेच बघत राहिल्या, पुढचं गीत सुरू झालं तरी पुस्तक काही उघडलं नाही. उपासनेनंतर पोहे न खाताच गेल्या. त्यानंतर सात महिने त्या घरातलं कुणी आलं नाही. मी तीनदा घरी गेले, तिसऱ्या वेळी त्यांनी चहा केला आणि म्हणाल्या, ताई, फी भरली त्या दिवशी मी आनंदाने रडले, आणि नाव वाचलंत त्या दिवसापासून पोरगा रविवारच्या शब्बाथशाळेत जायला नाही म्हणतो, मुलं विचारतात म्हणे.

त्यावर मी काय बोलणार होते. माफी मागितली, त्यांनी केलीही, पण त्या मुलाची ती सात महिन्यांची शब्बाथशाळा मी काही परत आणू शकले नाही.

मग मी उलट टोकाला गेले, हिशोब वाचणंच बंद केलं. तेही चूकच होतं, कारण वर्षभरात कुजबुज सुरू झाली की पैसे जातात कुठे, आणि ज्यांनी विचारलं त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. तेव्हाच्या आपल्या पाळकसाहेबांनी मला बसवून लायस्निगची गोष्ट सांगितली, ती तू नीट लक्षात ठेव कारण तुझ्या कामाची आहे. जर्मनीत सॅक्सनीमध्ये लायस्निग म्हणून छोटंसं गाव, तिथल्या मंडळीने १५२३ साली ठरवलं की चर्चचा आणि गरिबांसाठीचा सगळा पैसा एका सामाईक पेटीत ठेवायचा, आणि मार्टिन लूथरने, ज्याच्या नावावरनं आपण लुथरन, त्या नियमावलीला स्वतः प्रस्तावना लिहून दिली. पेटी चर्चमध्येच, तिला चार वेगवेगळी कुलपं, एक किल्ली सरदारांकडे, एक नगरसभेकडे, एक गावातल्या साध्या लोकांकडे आणि एक आसपासच्या शेतकऱ्यांकडे. म्हणजे चौघं एकत्र आल्याशिवाय पेटी उघडणारच नाही! कारभार बघायला दहा जण, त्यातही शेतकरी होतेच, दर रविवारी बसायचे, वह्या लिहायचे, आणि मंडळीसमोर हिशोब मांडायचे. त्यातनं म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना, अनाथ मुलांना मदत, आणि मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे ज्या कारागिराचा धंदा बसला त्याला उसने पैसे, मुदतीत फेडायचे, आणि खरंच नाही फेडता आले तर देवासाठी सोडून द्यायचे. पाचशे वर्षांपूर्वी, बघ.

त्यानंतर आपल्या पेटीला दोन कुलपं लागली, एक किल्ली खजिनदाराकडे, दुसरी महिला मंडळाकडे. आणि नोटीस बोर्डावर जो कागद लागतो त्यात किती आले, किती गेले, कशासाठी गेले, सगळं पैशा-पैशाचं असतं, फक्त कुणाला दिले तिथे नंबर असतो. तो नंबर कुणाचा ते पाळक आणि दोन किल्ल्यावाले, एवढ्यांनाच माहीत. आता तुझ्या फोटोंचं सांग, एमवायच्या फुटपाथवर झोपलेल्या माणसाला नाही म्हणायची सोय तरी असते का? ब्लँकेट हवं म्हणून तो कॅमेऱ्याकडे बघेल. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, आपण बायबलमधला मत्तयचा सहावा अध्याय वाचतो ना, उजव्या हाताचं डाव्याला कळू नये तो, मग नऊ महिन्यांनी तेच डिसेंबरात विसरून कसं चालेल.

बरं, डिसेंबरचं. तू आगमनकाळाचं, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांचं, चक्र दरवर्षी सजवतोस, चार मेणबत्त्या लावतोस, पण ते आलं कुठनं माहितीये? हॅम्बुर्गमध्ये योहान विखर्न नावाचे लुथरन धर्मपंडित होते, त्यांनी १८३३ साली गरीब, रस्त्यावरच्या मुलांसाठी घर काढलं. ती मुलं रोज विचारायची की नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून १८३९ मध्ये त्यांनी एक गाडीचं जुनं चाक घेतलं, त्यावर रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि मधल्या दिवसांच्या छोट्या लाल, रोज एक पेटवायची, मोजता मोजता नाताळ यायचा. म्हणजे आपण वेदीजवळ ठेवतो ती वस्तू मुळात गरीब पोरांना वाट बघणं सोपं व्हावं म्हणून निघाली. मला वाटतं तुझा आगमनकाळ इथनं सुरू कर, एका दिवशी १०० ब्लँकेटं देण्यापेक्षा चार रविवारी २५-२५ घेऊन जा, उपासनेनंतर, पाच-सहा जणांनीच, बॅनर नको, आणि दोन मिनिटं बसून विचारा की पेशंट कुठल्या वॉर्डात आहे, कोण आहे, जेवलात का. चौथ्या रविवारपर्यंत तुझ्या पोरांना त्या माणसांची नावं माहीत असतील. नंतर कॅरलला तिकडेच जायचं म्हणतील बघ.

आणि बाकीचं वर्ष आपल्याकडे आधीच ठरलेलं आहे, आपल्याला नवीन काही शोधायचं नाही. लेंटमध्ये पूर्वी घरोघरी मुठीचा डबा असायचा, स्वयंपाक करताना एक मूठ तांदूळ किंवा पीठ बाजूला, ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी सगळे डबे चर्चमध्ये. आता चार घरांतच उरलाय, तो परत सुरू कर, त्यासाठी एक रुपया लागत नाही. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीन आपण येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना करतो, ऊन असं की घसा कोरडा पडतो, आणि त्यातला एक उद्गार तहान लागल्याचाच आहे, तर त्या दिवसापासून पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारपर्यंत, गेटवर दोन माठ ठेवायचे, रोज भरायचे, रोज घासायचे (घासायचं काम तुझ्या तरुण संघाचं, मी आत्ताच सांगून ठेवते). जूनमध्ये वह्या-पुस्तकं. हंगामाच्या सणाला लिलाव होतोच, तिथे लोक एका भोपळ्याचे पाचशे देतात, ते पैसे सरळ पेटीत.

आता संगतीचं, कारण तू विचारलंस की तरुण येत नाहीत तर काय करावं. बेटा, उपासनेनंतरचे पोहे-जिलबी बंद होऊ देऊ नकोस. तुला ते साधं वाटेल, पण कोण आजारी आहे, कुणाच्या घरी दोन महिने पगार नाही, कुणाचं पोरगं कोटाहून परत आलंय आणि खोलीतनं बाहेर निघत नाही, हे मला कुठल्या मीटिंगमध्ये कधीच कळलं नाही, सगळं त्या पोह्यांच्या प्लेटवर कळलं, शेव मागता मागता. मदत मागायला कुणी येत नाही, आपल्यालाच ओळखावं लागतं, आणि ओळखायला शेजारी उभं राहावं लागतं. २०२४ ला आठवतं का, रंगपंचमी ३० मार्चला आली आणि दुसऱ्याच दिवशी ईस्टर, तुम्ही पोरं राजवाड्याच्या गेरला, त्या रंगाच्या मिरवणुकीला, जाऊन आलात आणि पहाटेच्या उपासनेला कानामागे हिरवा-गुलाबी रंग तसाच घेऊन उभे, काही मोठ्यांना आवडलं नाही. मला फार आवडलं होतं. शहराचा रंग अंगावर घेऊन पुनरुत्थानाचं गीत म्हणत होता तुम्ही, आणि पाच वाजता उठून आला होता, हे मी विसरले नाही. अशा पोरांना नियमांनी बांधू नकोस, काम दे.

अजून एक, जे मला खजिनदारीत सगळ्यात उशिरा समजलं. लूथर गेला १८ फेब्रुवारी १५४६ ला, त्याच्या दोन दिवस आधी त्याने एका चिठ्ठीवर लिहिलेले शेवटचे शब्द असे की आपण सगळे भिकारी आहोत, हे खरं आहे. इतकं शिकलेला, एवढं लिहिलेला माणूस. प्रभुभोजनाला आपण वेदीपुढे गुडघे टेकून रांगेत हात पसरतो ना, तिथे ज्याने पेटीत पाच हजार टाकले तो आणि ज्याला पेटीतनं फी मिळाली तो शेजारी शेजारी असतात, दोघांचे हात सारखेच रिकामे. त्या बाई परत आल्या तो प्रभुभोजनाचाच रविवार होता, माझ्या डाव्या बाजूला येऊन टेकल्या, मुलगा मागे उभा होता. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, बघवलंच नाही, पण त्यांच्या बांगड्यांचा आवाज अजून कानात आहे.

आता माझे डोळे साथ देत नाहीत, आकडे वर-खाली दिसतात. महिला मंडळाची किल्ली गेली काही वर्षं माझ्याकडेच आहे, मंडळाशी बोलून झालंय, पाळकांशीही, सगळ्यांचं म्हणणं आहे की आता ती तरुण संघाकडे जावी. येत्या रविवारी पोहे झाले की थांब, वही पण घेऊन येते, नंबर कसे लिहायचे ते दाखवते, आणि मग किल्ली तुझ्याकडे.

तुझी,
मावशी